डेटाबेस क्वेरींसाठी फ्लुएंट एपीआय कसा रचावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं कुठल्या एका प्रोग्रामिंग भाषेपुरती नाहीत. भाषेमुळे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणांतली मेथडची नावं देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या कोडमध्ये ती त्या त्या भाषेच्या रिवाजाप्रमाणे येतील.

## मेथडला मेथड जोडली की एपीआय फ्लुएंट झाला का?

नाही. दहा सेटर (एकेक मूल्य भरणाऱ्या मेथड) लिहून प्रत्येकातून तोच ऑब्जेक्ट परत दिला तर साखळी तयार होते, पण वाचताना ती सेटरची रांगच वाटते. 'फ्लुएंट इंटरफेस' हे नाव मार्टिन फाउलर आणि एरिक इव्हान्स यांनी २००५ मध्ये वापरात आणलं, ते अशा एपीआयसाठी जो त्या विषयाच्या छोट्या भाषेसारखा वाचता येतो. क्वेरीच्या बाबतीत ही भाषा आयतीच मिळते: एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा. म्हणून कसोटी सोपी आहे. ज्याला एसक्यूएल येतं पण तुमची लायब्ररी माहीत नाही, त्याला हे वाचून कुठली क्वेरी तयार होईल ते सांगता आलं पाहिजे:

    क्वेरी.फ्रॉम(ऑर्डर्स)
        .व्हेअर(ऑर्डर्स.स्थिती.ईक्वल("प्रलंबित"))
        .ऑर्डरबाय(ऑर्डर्स.दिनांक.डिसेंडिंग())
        .लिमिट(५०)

एक परिणाम आधीच लक्षात घ्या. फ्लुएंट एपीआयमधल्या काही मेथड एकट्या वाचल्या तर निरर्थक वाटतात. 'थेनबाय' काय करते हे आधीचं 'ऑर्डरबाय' पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे मेथडवार डॉक्युमेंटेशन पुरत नाही. पूर्ण साखळ्यांची उदाहरणं द्यावीच लागतात.

## सुरुवात कुठून करावी? मेथडची यादी आधी की आतली रचना?

आतली रचना आधी. बरेच बिल्डर (साखळीतून क्वेरी बांधणारे ऑब्जेक्ट) इथेच फसतात: 'व्हेअर' बोलावलं की आतल्या स्ट्रिंगला 'व्हेअर अमुक = ?' चिकटवायचं, पुढच्या वेळी 'अँड' चिकटवायचं. पहिल्या आठवड्यात हे छान चालतं. मग कोणीतरी 'ऑर्डरबाय' नंतर 'व्हेअर' बोलावतो आणि एसक्यूएल मोडतं. कोणाला त्याच क्वेरीची 'काउंट' हवी असते, आणि स्ट्रिंगमधून 'लिमिट' उपटून काढायला रेग्युलर एक्स्प्रेशन लिहावी लागते.

तीन थर वेगळे ठेवा:

१. क्वेरीचं वर्णन करणारा साधा डेटा: कुठलं टेबल, कुठले कॉलम, अटींचं झाड, जॉइनची यादी, क्रम, मर्यादा. यात एसक्यूएलची एकही स्ट्रिंग नाही.

२. हे वर्णन घेऊन एसक्यूएल आणि पॅरामीटरची यादी देणारा कंपायलर. प्रत्येक डेटाबेसच्या बोलीसाठी, म्हणजे त्याच्या एसक्यूएलच्या खास रूपासाठी, याची एक आवृत्ती.

३. फ्लुएंट मेथड. यांचं काम फक्त वर्णनात भर घालणं.

तिसरा थर पातळ असला पाहिजे. एखादी फ्लुएंट मेथड पाच-सहा ओळींपेक्षा लांब झाली, तर बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या थराचं काम तिच्यात शिरलं आहे. साखळी कितीही देखणी असली तरी ती दर्शनी भिंत आहे. छताचा भार आतल्या झाडावर, म्हणजे क्वेरीच्या वर्णनावर, असतो.

## प्रत्येक मेथडने तोच ऑब्जेक्ट परत द्यावा की नवा?

नवा. या एका निर्णयावर पुढचे निम्मे बग अवलंबून असतात, म्हणून थोडं सविस्तर.

यादी आणि एकूण संख्या दोन्ही दाखवायची आहे असं समजा:

    मूळ = क्वेरी.फ्रॉम(ऑर्डर्स).व्हेअर(प्रलंबित)
    पान = मूळ.लिमिट(२०).ऑफसेट(२०).लिस्ट()
    एकूण = मूळ.काउंट()

मेथड तोच ऑब्जेक्ट बदलत असतील, तर तिसऱ्या ओळीपर्यंत 'मूळ'मध्ये मर्यादा आणि ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या) जाऊन बसलेले असतात. संख्येच्या क्वेरीतून एकच ओळ येते. तिच्यावर 'लिमिट २०' चा काही परिणाम होत नाही, पण 'ऑफसेट २०' ती एकुलती एक ओळच गाळून टाकतो. गंमत अशी की पहिल्या पानावर ऑफसेट शून्य असल्यामुळे सगळं बरोबर दिसतं. टेस्ट बहुतेक पहिल्या पानाचीच असते. बग दुसऱ्या पानावर, तोही प्रॉडक्शनमध्ये सापडतो.

तयार लायब्ररींपैकी जँगोचे क्वेरीसेट आणि एसक्यूएलअल्केमी (दोन्ही पायथन), डॉटनेटमधलं लिंक आणि टाइपस्क्रिप्टमधलं कायसेली दर वेळी नवा ऑब्जेक्ट देतात. जावास्क्रिप्टमधलं नेक्स आणि पीएचपीमधल्या लाराव्हेलचा क्वेरी बिल्डर तोच ऑब्जेक्ट बदलतात. तिथे फांद्या फोडायच्या असतील तर आधी 'क्लोन' करावं लागतं, आणि ते लक्षात ठेवणं वापरणाऱ्याच्या डोक्यावर.

नव्या ऑब्जेक्टच्या वाटेवरही एक खड्डा आहे:

    क्यू = क्वेरी.फ्रॉम(ऑर्डर्स)
    क्यू.व्हेअर(प्रलंबित)
    क्यू.लिस्ट()

दुसऱ्या ओळीचा निकाल कोणी उचललाच नाही, त्यामुळे सगळ्या ऑर्डर्स येतात. एरर नाही, इशारा नाही. यावर भाषेचीच मदत घ्या: रस्टमध्ये 'मस्ट_यूज', सी++१७ मध्ये 'नोडिस्कार्ड', जावामध्ये एरर प्रोनचं 'चेकरिटर्नव्हॅल्यू'. स्विफ्टमध्ये न वापरलेल्या निकालाची सूचना न मागता मिळते. जिथे असं काही नाही तिथे लिंटरचा (कोड न चालवता तपासणाऱ्या साधनाचा) नियम लिहावा.

## दर वेळी नवा ऑब्जेक्ट म्हणजे मेमरी आणि वेळ वाया जात नाही का?

क्वेरी डेटाबेसपर्यंत जाऊन परत येण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य असतो. दहा मेथडच्या साखळीत दहा छोटे ऑब्जेक्ट बनतात. अटींची यादी दर वेळी पूर्ण कॉपी करायची नसेल तर ती जोडयादी म्हणून ठेवा: नवा घटक जुन्या यादीकडे बोट दाखवतो, जुनी यादी तशीच राहते. खर्च खरोखर जाणवतो तो एसक्यूएल पुन्हापुन्हा कंपाइल करण्यात, आणि त्यासाठी क्वेरीच्या आकारानुसार कॅश ठेवता येतो. वर्णन न बदलणारं असेल तरच असा कॅश सुरक्षित असतो.

## 'सिलेक्ट' आधी असावं की 'फ्रॉम'?

एसक्यूएल लिहिताना 'सिलेक्ट' आधी येतं, पण अर्थाच्या दृष्टीने क्रम वेगळा आहे: फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, सिलेक्ट, ऑर्डर बाय, लिमिट. एडिटरला कॉलमची नावं सुचवायची असतील तर टेबल आधी कळलं पाहिजे. लिंकच्या क्वेरी सिंटॅक्समध्ये 'फ्रॉम' पहिलं येतं ते यामुळेच.

टेबल आणि कॉलम कोडमध्ये ऑब्जेक्ट म्हणून तयार असतील, म्हणजे 'ऑर्डर्स.दिनांक' असं थेट लिहिता येत असेल, तर 'सिलेक्ट' आधी आलं तरी बिघडत नाही. कॉलमची नावं स्ट्रिंगमध्ये द्यायची असतील तर 'फ्रॉम' आधी ठेवा. दोन्ही क्रम चालू ठेवण्याचा मोह टाळा. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन बोली सुरू होतात आणि कोड रिव्ह्यूमध्ये निष्कारण वाद.

## एकच मेथड दोनदा बोलावली तर काय व्हावं?

हे प्रत्येक मेथडसाठी लिहून ठरवा, कारण इथे 'साहजिक' असं काही नसतं. 'व्हेअर' दोनदा आलं तर दोन्ही अटी 'अँड'ने जोडल्या जाव्यात, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. 'लिमिट'मध्ये शेवटचं जिंकतं. खरी पंचाईत 'ऑर्डरबाय'ची. जँगोमध्ये दुसरं 'ऑर्डर_बाय' पहिलं पुसून टाकतं. रूबीच्या रेल्समध्ये दुसरं 'ऑर्डर' पहिल्याला जोडलं जातं आणि पुसायचं असेल तर 'रीऑर्डर' अशी वेगळी मेथड आहे. लिंकमध्ये जोडण्यासाठी 'थेनबाय' आहे.

आमचा कल रेल्सच्या पद्धतीकडे आहे: साधं नाव असलेली मेथड भर घालते, पुसणाऱ्या मेथडच्या नावातच ते दिसतं. काही नाहीसं होत असेल तर ते वाचणाऱ्याला दिसायला हवं.

'अँड'ने जोडणंही दिसतं तितकं सरळ नसतं. जँगोमध्ये एकाला-अनेक नात्यावर दोन अटी एकाच 'फिल्टर'मध्ये दिल्या तर त्या एकाच संबंधित ओळीला लागू होतात. त्याच अटी दोन वेगवेगळ्या 'फिल्टर'मध्ये दिल्या तर दोन जॉइन होतात, आणि एक अट एका ओळीने, दुसरी दुसऱ्याच ओळीने पूर्ण केली तरी रेकॉर्ड निकालात येतं. तुमचा बिल्डर नात्यांवरून जॉइन आपोआप लावत असेल, तर हा प्रश्न तुमच्यापुढेही येणार आहे.

## 'अँड' आणि 'ऑर' एकत्र आले की कंस कसे सांभाळायचे?

एसक्यूएलमध्ये 'अँड' हे 'ऑर'पेक्षा घट्ट बांधतं. म्हणून सपाट साखळी फसवते:

    .व्हेअर(ग्राहक.ईक्वल(४२))
    .व्हेअर(स्थिती.ईक्वल("प्रलंबित"))
    .ऑरव्हेअर(स्थिती.ईक्वल("अडकलेली"))

यातून तयार होतं: ग्राहक = ? अँड स्थिती = ? ऑर स्थिती = ?. डेटाबेस ते असं वाचतो: (ग्राहक ४२ आणि प्रलंबित) किंवा (कोणाचीही अडकलेली). म्हणजे एका ग्राहकाला दुसऱ्यांच्या ऑर्डर्स दिसल्या. हा नुसता चुकीचा निकाल राहत नाही, माहितीची गळती होते.

सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे 'ऑरव्हेअर' ही मेथड ठेवूच नये. अट ही स्वतंत्र वस्तू करा आणि 'ऑर' त्या वस्तूंवर चालवा:

    .व्हेअर(ग्राहक.ईक्वल(४२))
    .व्हेअर(एनीऑफ(
        स्थिती.ईक्वल("प्रलंबित"),
        स्थिती.ईक्वल("अडकलेली")))

आता कंस कुठे येणार हे कोडच्या रचनेतच दिसतं. जँगोचे क्यू ऑब्जेक्ट आणि एसक्यूएलअल्केमीचं 'ऑर_' याच मार्गाने जातात. 'ऑरव्हेअर' आधीच देऊन बसला असाल, तर निदान गट करणारा प्रकार द्या, ज्यात क्लोजरच्या (आर्ग्युमेंट म्हणून दिलेल्या छोट्या फंक्शनच्या) आतल्या सगळ्या अटींना मिळून एक कंस लागतो.

कंपायलरने कंस घालताना काटकसर करू नये. झाडातल्या प्रत्येक 'ऑर'च्या गाठीला कंस घातला तर एसक्यूएल थोडं गचाळ दिसतं, पण चुकत नाही.

## चुकीचा क्रम कंपाइल होतानाच अडवता येतो का?

येतो. प्रत्येक टप्प्याला वेगळा इंटरफेस द्यायचा: 'सिलेक्ट' जो टाइप परत देतं त्यावर फक्त 'फ्रॉम' असतं, 'फ्रॉम' जो देतं त्यावर 'जॉइन' आणि 'व्हेअर', असं पुढे. जूक या लायब्ररीने जावामध्ये हे फार तपशिलात केलं आहे. एडिटरमध्ये टिंब दाबलं की त्या जागी कायदेशीर असलेल्या मेथडच दिसतात.

किंमत मात्र दोनदा मोजावी लागते. एक तर इंटरफेसची संख्या वाढते. दुसरं, अटींवर आधारलेली जुळणी अवघड होते: 'व्हेअर'नंतर टाइप बदलत असेल तर

    क्यू = क्यू.व्हेअर(…)

ही ओळ कंपाइलच होत नाही, कारण 'क्यू'चा टाइप आधीच्या टप्प्याचा आहे. सर्च स्क्रीनमागच्या क्वेरी नेमक्या अशाच बांधल्या जातात.

व्यवहारात दोन-तीन नियमच टाइपने अडवावेत. टेबल दिल्याशिवाय क्वेरी चालवता येऊ नये. 'थेनबाय' फक्त 'ऑर्डरबाय'नंतर मिळावं. 'जॉइन' आणि 'ऑन' वेगळे ठेवून त्यांच्या क्रमाची राखण करत बसण्यापेक्षा अट 'जॉइन'चाच दुसरा आर्ग्युमेंट करा. मग विसरण्याची सोयच राहत नाही. बाकीच्या चुका कंपायलर थराने रनटाइमला स्पष्ट शब्दांत सांगाव्यात.

## बेस क्लासमधली मेथड बोलावल्यावर पुढच्या मेथड गायब का होतात?

कारण तिचा रिटर्न टाइप बेस क्लास आहे. 'सिलेक्टक्वेरी' ही 'बेसक्वेरी'पासून आली असेल आणि 'व्हेअर' बेसमध्ये असेल, तर 'व्हेअर'नंतर 'ऑर्डरबाय' सापडत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये रिटर्न टाइप 'धिस' लिहा, पीएचपी ८.० पासून 'स्टॅटिक', पायथन ३.११ पासून 'सेल्फ'. जावामध्ये क्लासला स्वतःचाच टाइप पॅरामीटर म्हणून द्यावा लागतो. दिसायला विचित्र, पण चालतं. त्याहून बरं म्हणजे वारसा टाळून 'व्हेअर'ची चार ओळींची मेथड प्रत्येक क्लासमध्ये लिहिणं. तिसरा थर पातळ असेल तर ही पुनरुक्ती सोसते.

## भाषेचे राखीव शब्द आड येतात, तेव्हा?

पायथनमध्ये 'फ्रॉम', 'इन', 'अँड', 'ऑर', 'नॉट', 'इज' हे सगळे राखीव आहेत. शेवटी अंडरस्कोर लावणं हा तिथला रूढ मार्ग आहे. 'अँड', 'ऑर' यांना नवा अर्थ देता येत नाही म्हणून लायब्ररी '&' आणि '|' वापरतात, आणि तिथे सापळा आहे: पायथनमध्ये '&' तुलनेच्या चिन्हांपेक्षा घट्ट बांधतं. 'वय > ५ & शहर == ३' हे 'वय > (५ & शहर) == ३' असं वाचलं जातं. प्रत्येक तुलनेला कंस हवाच. त्यापेक्षा 'ऑलऑफ', 'एनीऑफ' अशी साधी फंक्शन द्या.

## इंजेक्शनपासून बिल्डर आपोआप वाचवतो का?

इंजेक्शन म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातून क्वेरीत परकं एसक्यूएल घुसणं. व्हॅल्यूंच्या बाबतीत, तुम्ही त्या कायम पॅरामीटर म्हणून पाठवत असाल तर, हो. नावांच्या बाबतीत नाही.

व्हॅल्यू एसक्यूएलच्या मजकुरात कधीही घालू नका, आकडे आणि बूलियनसुद्धा. कंपायलर झाडावरून जाताना प्लेसहोल्डर (व्हॅल्यूची जागा दाखवणारं चिन्ह) लिहितो आणि व्हॅल्यू वेगळ्या यादीत टाकतो. प्लेसहोल्डरचं रूप ड्रायव्हर ठरवतो: कुठे '?', पोस्टग्रेसमध्ये '$१', '$२', ओरॅकलमध्ये ':नाव', एसक्यूएल सर्व्हरमध्ये '@नाव'. क्रमांकाच्या प्लेसहोल्डरमुळे एक चूक फार वेळा होते. सबक्वेरी स्वतंत्र कंपाइल करून तिचा मजकूर मुख्य क्वेरीत डकवला की तिचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात आणि व्हॅल्यूंची अदलाबदल होते. सबक्वेरी हे झाडाचंच एक पान ठेवा आणि सगळं झाड एकाच फेरीत, एकाच काउंटरने कंपाइल करा.

टेबल आणि कॉलमची नावं पॅरामीटर म्हणून जात नाहीत. 'कशाने क्रम लावायचा' हे युआरएलमधून येऊन थेट 'ऑर्डरबाय'मध्ये गेलं, तर दार उघडंच आहे. बाहेरून आलेल्या नावासाठी परवानगीची यादी ठेवा: 'दिनांक' आलं तर हा कॉलम, 'रक्कम' आलं तर तो, बाकी सगळं नाकारायचं. शिवाय कंपायलरने नावांना अवतरण लावावं. मानक एसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरण, मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस. आत तेच बंद करणारं चिन्ह आलं तर ते दुप्पट करायचं. अवतरण लावल्यावर लहान-मोठी अक्षरं महत्त्वाची होतात हे विसरू नका. पोस्टग्रेस अवतरणाशिवायची नावं लहान अक्षरांत आणि ओरॅकल मोठ्या अक्षरांत वळवतं, त्यामुळे आधी बिनबोभाट चालणारं नाव अवतरणानंतर 'सापडत नाही' म्हणू शकतं.

'लाइक'चा मुद्दा वेगळा. पॅरामीटर वापरला तरी वापरकर्त्याने टाइप केलेलं '%' आणि '_' वाइल्डकार्डच (कुठल्याही अक्षराशी जुळणारं चिन्ह) राहतं. 'कंटेन्स' आणि 'स्टार्ट्सविथ' अशा मेथड द्या आणि आत ही चिन्हं एस्केप करा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये एस्केपचं चिन्ह बॅकस्लॅश ठरलेलं असतं, एसक्यूलाइट, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये काहीच ठरलेलं नसतं. म्हणून 'एस्केप' कलम नेहमी स्पष्ट लिहा आणि चिन्ह '!' घ्या, बॅकस्लॅशच्या दुहेरी-चौहेरी कसरतीतून सुटका होते. '!' स्वतः मजकुरात आलं तर तेही एस्केप करायचं.

## 'इन' मध्ये रिकामी यादी आली तर?

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये 'इन ()' ही सिंटॅक्सची चूक आहे. काही बिल्डर रिकामी यादी दिसली की अटच गाळतात. ते घातक आहे: 'एकही ओळ नको' ऐवजी 'सगळ्या द्या' असा अर्थ होतो, आणि साखळीच्या टोकाला 'डिलीट' असेल तर टेबल रिकामं. 'इन' ला रिकामी यादी मिळाली तर कायम असत्य अशी अट लिहा, '१ = ०'. 'नॉटइन' ला मिळाली तर '१ = १'.

फार मोठी यादीही अडते. पोस्टग्रेसच्या प्रोटोकॉलमध्ये एका क्वेरीत जास्तीत जास्त ६५,५३५ पॅरामीटर, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २,१००. एसक्यूलाइटची ठरावीक मर्यादा ३.३२.० आवृत्तीपूर्वी ९९९ होती, नंतर ३२,७६६. ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्या 'इन'च्या एका यादीत १,००० च घेतात. पोस्टग्रेसमध्ये पूर्ण यादी एकच अॅरे म्हणून '= एनी($१)' अशी पाठवता येते; मर्यादेचा प्रश्न सुटतो आणि एसक्यूएलचा मजकूरही यादीच्या लांबीनुसार बदलत नाही. मजकूर बदलला की तयार प्लॅन पुन्हा वापरता येत नाही. अॅरे नसेल तिथे यादी पुढच्या २ च्या घातापर्यंत शेवटची व्हॅल्यू पुन्हापुन्हा घालून वाढवतात: ५ असतील तर ८, ९ असतील तर १६. जावातल्या हायबरनेटमध्ये यासाठी सेटिंग आहे.

## 'ईक्वल' ला नल दिला तर?

नल म्हणजे व्हॅल्यूच नसणं. एसक्यूएलमध्ये 'कॉलम = नल' कधीच सत्य होत नाही. बिल्डरने त्याचं मुकाट्याने 'इज नल' करावं का? सोयीचं वाटतं, पण लॉगिनचं टोकन चुकून नल आलं तर 'टोकन नसलेले सगळे' निकालात येतात. एरर द्या आणि 'इजनल' ही वेगळी मेथड ठेवा. 'नॉटइन'च्या यादीत एक जरी नल असला तरी निकालात एकही ओळ येत नाही. तिथेही एररच बरी.

## क्वेरी नेमकी कधी चालते?

फक्त ठरावीक शेवटच्या मेथडवर: 'लिस्ट', 'फर्स्ट', 'काउंट', 'एक्झिस्ट्स', 'स्ट्रीम'. मधल्या कुठल्याही मेथडने डेटाबेसला हात लावू नये. शेवटच्या मेथड क्रियापदासारख्या ठळक असाव्यात, म्हणजे साखळीचं शेपूट पाहूनच कळतं.

आडमार्गाने चालणाऱ्या क्वेरी हा कायमचा त्रास. जँगोमध्ये क्वेरीसेट 'इफ'मध्ये घातला तर पूर्ण निकाल आणला जातो, आणि कन्सोलमध्ये नुसता पाहिला तरी २१ ओळींची क्वेरी जाते. जावास्क्रिप्टमध्ये बिल्डरला 'देन' मेथड असेल, जशी नेक्समध्ये आहे, तर तो प्रॉमिससारखा (नंतर मिळणाऱ्या निकालासारखा) वागतो: असिंक फंक्शनमधून अर्धवट बिल्डर 'रिटर्न' केला की तो तिथेच चालतो आणि हातात बिल्डरऐवजी ओळी येतात. नव्या रचनेत 'देन' टाळा. 'एक्झिक्यूट' लिहायला आठ-दहा अक्षरं जास्त लागतात, एवढंच.

'काउंट' आतून काय करतं तेही ठरवा. क्रम काढून टाका, लिमिट आणि ऑफसेट काढून टाका. 'ग्रुपबाय' किंवा 'डिस्टिंक्ट' असेल तर मूळ क्वेरी सबक्वेरी करून तिच्या बाहेर 'काउंट' लावा. नाहीतर एकूण संख्येऐवजी प्रत्येक गटाची संख्या मिळते.

## ऐच्छिक फिल्टरसाठी साखळी तोडावी लागते. पर्याय?

'व्हेन(अट, फंक्शन)' अशी मेथड: अट खरी असेल तरच फंक्शन क्वेरीवर चालतं. लाराव्हेलमध्ये ती याच नावाने आहे. दोन-तीन फिल्टरपर्यंत ठीक. आठ-दहा झाले की साधे 'इफ' जास्त वाचनीय आणि डीबग करायला सोपे. 'व्हेअर' ला नल अट दिली तर ती गाळायची, ही सोय मात्र देऊ नका; ती आणि रिकाम्या 'इन'ची गोष्ट एकच.

## वेगवेगळे डेटाबेस एकाच एपीआयमागे लपवता येतात का?

सिंटॅक्स लपतो, वागणं लपत नाही. 'लिमिट' चं एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून 'ऑफसेट … फेच' करता येतं, पण तिथे 'ऑर्डर बाय' असणं सक्तीचं आहे. चढत्या क्रमात पोस्टग्रेस आणि ओरॅकल नल शेवटी ठेवतात. मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हर सुरुवातीला. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नलच समजतं. जे एखाद्या बोलीत जमत नाही, त्यासाठी कंपायलरने बोलीचं आणि मेथडचं नाव घेऊन नकार द्यावा. जवळपास तसंच काहीतरी करून दाखवणं सर्वांत वाईट.

## पानं पाडण्यासाठी 'ऑफसेट' पुरेसं आहे का?

पहिल्या काही पानांपुरतं. ऑफसेट १,००,००० असेल तर डेटाबेस तेवढ्या ओळी वाचून टाकून देतो, आणि मधे नवी ओळ आली तर एखादी ओळ दोन पानांवर दिसते. त्याऐवजी 'आफ्टर(शेवटची ओळ)' अशी मेथड द्या, जी 'ऑर्डरबाय'मधल्या कॉलमवरून अट स्वतः बांधते. (दिनांक, आयडी) < (?, ?) ही जोडीची तुलना पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट समजतात. एसक्यूएल सर्व्हरला ती 'दिनांक < ? ऑर (दिनांक = ? अँड आयडी < ?)' अशी फोडून द्यावी लागते. दोन्ही कॉलम एकाच दिशेने नसतील तर सगळीकडेच फोडावी लागते. क्रमातला शेवटचा कॉलम अद्वितीय नसेल तर 'आफ्टर'ने एरर द्यावी, कारण सारख्या दिनांकाच्या ओळी गळतात.

## 'व्हेअर' विसरून 'डिलीट' चाललं तर?

चालूच देऊ नका. 'डिलीट' आणि 'अपडेट' ला एकही अट नसेल तर एरर. खरंच सगळं हवं असेल त्याने 'ऑलरोज()' लिहावं. 'डिलीट'वर 'जॉइन', 'लिमिट' किंवा 'ऑर्डरबाय' लागलेलं असेल आणि ती बोली ते करू शकत नसेल, तर तो भाग गुपचूप सोडून देणं म्हणजे जास्त ओळी पुसणं. इथेही एररच.

## कच्चं एसक्यूएल लिहायची वाट ठेवावी का?

ठेवा. विंडो फंक्शन, जेसनचे ऑपरेटर, एखादी खास इंडेक्स सूचना, हे सगळं बिल्डरमध्ये कधीच पूर्ण येणार नाही, आणि वाट नसेल तर लोक पूर्ण क्वेरीच स्ट्रिंगने जोडतील. मात्र 'रॉ' हा झाडाचा एक तुकडा असावा, पूर्ण क्वेरी नव्हे. त्याने मजकूर आणि व्हॅल्यू वेगवेगळे घ्यावेत: रॉ("वय(दिनांक) > ?", ३०). नाव ठळक ठेवा, म्हणजे कोडमध्ये शोधून तपासता येतं.

## लांब साखळीत एरर आली तर ती कुठली हे कसं कळणार?

प्रत्येक मेथड नव्या ओळीवर लिहा. बऱ्याच भाषांत एररच्या ट्रेसमध्ये ओळ क्रमांकच येतो, आणि सगळं एका ओळीत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. 'टूएसक्यूएल()' ही मेथड पहिल्या दिवसापासून द्या: मजकूर आणि पॅरामीटर वेगवेगळे, काहीही न चालवता. व्हॅल्यू मजकुरात भरून दाखवणारी डीबगची आवृत्ती दिलीत तर तिचं नाव असं ठेवा की कोणी ती ड्रायव्हरला देणार नाही. संवेदनशील कॉलमच्या व्हॅल्यू लॉगमध्ये झाकण्याची सोयही इथेच लागते.

टेस्ट दोन प्रकारच्या लागतात. पहिल्यात साखळीतून आलेलं एसक्यूएल अपेक्षित मजकुराशी ताडायचं. या टेस्ट काही मिलिसेकंदांत होतात आणि कंसांच्या, क्रमाच्या चुका पकडतात. दुसऱ्यात तेच खऱ्या डेटाबेसवर चालवायचं, प्रत्येक बोलीसाठी. मेमरीतल्या एसक्यूलाइटवर पोस्टग्रेसची टेस्ट केली तर एसक्यूलाइट चालतं एवढंच सिद्ध होतं: त्याला 'इन ()' सुद्धा चालतं.